रश्श्याचा मसाला कोंबडीला चोळू नका

"घरचाच मसाला चोळला होता, तरी कडू कसं झालं?" हुरड्याचे दिवस आले की हा प्रश्न ठरलेला. वावरात विस्तव पेटतो, कोंबडी येते आणि कोणीतरी घरून काळ्या मसाल्याचा डबा आणतं.

तो मसाला तुम्हाला सांगायला नको. खोबरं, खसखस, धने, दगडफूल तेलावर काळपट भाजून वाटलेलं. सावजी म्हणा की घरचा.

चोळायच्या मसाल्यात जिन्नस थोडे वेगळे असतात, पण खरी गोम भाजणीत आहे. रश्श्यात पाणी असतं आणि पाणी उकळतं तोवर उष्णता शंभर अंशांच्या आसपासच राहते. त्यामुळे भाजलेला मसाला तिथे जळत नाही, मुरतो. निखाऱ्यावर कातडीचा वरचा थर दीडशेच्या सहज पुढे तापतो. म्हणजे आधीच काळा केलेला मसाला दुसऱ्यांदा भाजला जातो, आणि त्यात खोबरं असलं की ते आधी करपतं. मागच्या हिवाळ्यात आमच्या भाटव्यांनी असंच केलं. पंधरा मिनिटांत बाहेरून कोळसा, मांडीच्या हाडाजवळ मात्र लालच. वर म्हणतात, "कोंबडीच खराब होती."

चोळायचा मसाला भाजायचं काम विस्तवाचं, तव्याचं नाही. किलोभर कोंबडीला दोन चमचे धने, एक चमचा जिरे, दहा-बारा मिरे, तीन लवंगा, बोटाच्या पेराएवढी दालचिनी. तवा गरम करून गॅस बंद करा, मग हे टाकून परता. वास सुटला की काढा. रंग बदलला तर तो घाणा रश्श्याला ठेवा. मग जाडसर कुटून त्यात दोन चमचे भिवापुरी तिखट, अर्धा चमचा हळद, दोन लहान चमचे मीठ आणि दोन चमचे आमचूर. खोबरं नको. साखर-गूळही नको, तेही करपतात.

आमचूर म्हणजे वाळल्या कैरीची पूड. आमसूल वेगळं, ते कोकमाचं. दुकानात नीट बोला. लिंबू आधी पिळू नका: कातडी ओली होते, मसाला घसरतो. खाताना पिळा. संत्र्याची वाळली साल घातली तर वास छान येतो, आंबटपणा नाही.

कोंबडी कातडीसकट मागा, नाहीतर दुकानदार सवयीने सोलून देतो. पुसून कोरडी करा, चोळून दोन-तीन तास झाकून थंड जागी ठेवा. गावरान कोंबडा भाजायला घेऊ नका, चिवट होतो. तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, मिळाली तर उत्तम. आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर भाजू नका, ती नुसती भडकते. बाभळीचे निखारे पडू द्या.

उरलेल्या तुकड्यांचा दुसऱ्या दिवशी रस्सा करणार असाल, तर काढा तो काळा डबा.