मृगाचा बेडूक आणि युरिया

मृगाचा पहिला दणका पाऊस झाला की कालपर्यंत भेगाळलेल्या वावरात रातोरात बेडकांचा कालवा सुरू होतो. ‘पान्यासंग आभायातून पडले’ असं छातीठोकपणे सांगणारे कास्तकार आजही भेटतात. पडत काही नाहीत. ते वर्षातला बहुतेक काळ आपल्या पायाखालीच असतात.

उपेरोडॉन सिस्टोमा हा त्यातला एक. गुबगुबीत, आखूड पायांचा, चिमुकल्या तोंडाचा. वाळवी आणि मुंग्या हे त्याचं खाणं. श्नायडरनं १७९९ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली, तरी धुऱ्यावर आयुष्य घालवलेल्यांनाही तो क्वचितच दिसतो. मागच्या पायाच्या तळव्यावर फावड्यासारखे टणक उंचवटे असतात. त्यांनी माती उकरत तो उलटा, आधी बुडाकडून, जमिनीत उतरतो.

पण उन्हाळ्यात मातीच त्याला कोरडा का करत नाही? बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, पोटाच्या कातडीतून शोषतो. माती वाळत जाते तशी ती उरलेली ओल जास्त घट्ट धरते. कपाशी कायमची माना टाकते तेव्हा ही ओढ सुमारे १५ वातावरणदाबाइतकी असते. काळ्या मातीत तेव्हाही बरीच ओल असते, पण मुळांना ती सुटत नाही. बेडकाचं रक्तही त्यात विरघळलेल्या पदार्थांमुळे पाणी ओढतं, पण ती ओढ एरवी ६ वातावरणदाबाच्या आसपास. म्हणजे पाणी अंगातून मातीत जायला हवं. अमेरिकी वाळवंटातल्या स्पेडफूट बेडकांवर याची मोजणी झाली आहे. ते प्रथिनांच्या विघटनातून तयार होणारा युरिया बाहेर टाकतच नाहीत, अंगात साठवतात. रक्ताची ओढ दुपटीहून वर जाते आणि मातीतली ओल आत येत राहते. हा युरिया म्हणजे आपण गोणीनं आणतो तोच रेणू. शिवाय मूत्राशयात साठवलेलं पाणीही रक्तात परत घेता येतं.

अशा कातडीच्या जिवाला मुसळाला बांधून ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत भर उन्हात दारोदार फिरवायचं! पाऊस येवो न येवो, बेडूक सुकून मरतो.

पाऊस आल्याचं खाली कसं कळतं, हेही त्या स्पेडफूटवरच तपासलं गेलं. वरची माती कोरडी ठेवून नुसत्या विजेच्या मोटरीनं जमीन थरथरवली, तरी बेडूक बाहेर आले. थेंबांचा दणदणाट पुरतो, भिजायची वाट ते पाहत नाहीत.