पंख किती वाकला की नियम मोडतो?

फॉर्म्युला वनच्या 2026 आधीच्या गाडीवर बसवलेल्या, मागे तोंड केलेल्या कॅमेऱ्यातलं चित्रण मिळालं तर सावकाश बघा. गाडी सरळ रस्त्यावर वेग घेऊ लागते तशी मागची विंग, म्हणजे गाडीच्या मागे बसवलेला आडवा पंख, हळूहळू मागे रेलते. पुढचं वळण येतं, ब्रेक लागतो आणि विंग पुन्हा ताठ उभी राहते. चालकाने कसलंही बटण दाबलेलं नसतं. या हालचालीत ना मोटर, ना बिजागरी. हे सगळं वारा करतो. या काही मिलिमीटरच्या हालचालीवरून तंत्रज्ञ, चालक आणि नियम करणारी मोटारशर्यतींची जागतिक संघटना एफआयए गेली कित्येक वर्षं भांडत आहेत.

नियम वाचायला अगदी साधा आहे: हवेच्या प्रवाहावर परिणाम करणारा गाडीचा प्रत्येक भाग घट्ट बसवलेला आणि अचल असावा. अपवाद फक्त नियमातच नोंदवलेल्या यंत्रणांचा. या कडकपणामागे रक्त सांडलेलं आहे. 1969 साली बार्सिलोनाच्या मॉन्टज्विक शर्यतमार्गावर ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या चालकांच्या लोटस गाड्यांच्या उंच खांबांवरच्या विंग काही फेऱ्यांच्या अंतराने एकाच जागी मोडल्या. हिल बचावला, रिंट जखमी झाला. पुढच्याच मोनाको शर्यतीच्या सरावादरम्यान त्या उंच विंगवर बंदी आली.

पण ‘अचल’ हा शब्द निसर्गाला मान्य नाही. जोर पडला की पोलादही वाकतं. प्रश्न फक्त किती, एवढाच. शर्यतीच्या गाडीची विंग म्हणजे विमानाचा उलटा बसवलेला पंख. ती गाडीला रस्त्यावर दाबते, म्हणून वळणात टायरची पकड टिकते. या दाबालाच डाउनफोर्स म्हणतात. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 100 किलोमीटरला जेवढा, त्याच्या नऊ पट 300 ला. हवेचा अडथळा, म्हणजे ड्रॅगही, त्याच हिशेबाने वाढतो. वळणात डाउनफोर्स हवा आणि सरळ रस्त्यावर ड्रॅग नको, ही ओढाताण प्रत्येक संघाची. जी विंग वेगात आपणहून आडवी होते आणि वळणात उभी राहते, ती दोन्ही कामं करते.

हे घडवून आणायची कला कार्बन फायबरमध्ये आहे. सुती कापडाचा तुकडा हातात घ्या. उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या दिशेने ओढलात तर फारसा ताणत नाही. तोच उरेबी, म्हणजे तिरका ओढला की लगेच ताणतो. कार्बनचे थरही असेच दिशेला बांधलेले असतात. कोणता थर कोणत्या कोनात ठेवायचा, हे ठरवून विंग एका दिशेला ताठ आणि दुसरीकडे लवचीक करता येते. इतकंच काय, ती वाकताना पीळही घेईल अशी बांधता येते. विमानविद्येत ही युक्ती जुनीच. 1984 मध्ये उडालेल्या एक्स-29 या अमेरिकी विमानाचे पंख पुढे झुकलेले होते. तसे पंख वाऱ्याने पिळून मोडायचा धोका असतो. तिथे थरांच्या रचनेनेच तो पीळ आवरला होता. मला हे ज्ञान मनापासून सुंदर वाटतं, म्हणून अशा विंगला सरसकट ‘फसवणूक’ म्हटलेलं खटकतं.

अचलपणा मोजायचा कसा? गाडी उभी करून. विंगच्या ठरलेल्या बिंदूंवर ठरलेलं वजन द्यायचं आणि ती किती खाली येते ते बघायचं. गोम इथेच आहे. चाचणीतलं वजन मोजक्या जागी पडतं, वारा मात्र सगळ्या पृष्ठभागावर. चाचणीच्या जागी ताठ आणि वाऱ्यासमोर लवचीक अशी विंग बांधणं अवघड आहे, अशक्य नाही. म्हणून नियमात एफआयएने एक हक्क राखून ठेवला आहे: एखादा भाग धावताना हलतो असा संशय आला, तर नवी चाचणी लावता येते. 2010 मध्ये पुढच्या विंगवरचं वजन दुप्पट, म्हणजे सुमारे 100 किलो केलं. 2021 मध्ये मागच्या विंगवर ठिपके चिकटवले आणि कॅमेऱ्यातून त्यांचं सरकणं मोजलं.

2014 च्या अबुधाबी शर्यतीतला निर्णय मात्र वेगळा होता. रेड बुल संघाच्या दोन्ही गाड्या पात्रता फेरीतून बाद झाल्या. कारण दिलं ते असं, की पुढच्या विंगचे फ्लॅप, म्हणजे तिच्यावरच्या पट्ट्या, वाऱ्याच्या जोराने वाकावेत अशीच त्यांची रचना होती. बोट रचनेमागच्या हेतूवर होतं. उलट 2024 मध्ये अझरबैजानमधल्या बाकूच्या शर्यतीत चालक ऑस्कर पियास्त्रीच्या मॅकलॅरेन गाडीची मागची विंग वेगात किंचित उघडताना जगाने पाहिली. वरच्या फ्लॅपच्या पुढच्या कडेची टोकं उचलली जात होती आणि फ्लॅप व विंगचा खालचा भाग यांच्यामधली फट रुंदावत होती. चाचण्या ती उत्तीर्ण होती. तरी चर्चेनंतर संघाने बदल मान्य केला. 2025 ला त्या फटीची मर्यादा 75 किलो वजनाखाली 2 मिलिमीटर ठरली आणि दुसऱ्याच शर्यतीपासून ती अर्ध्या मिलिमीटरवर आणली.

त्याच वर्षी पुढच्या विंगची पाळी आली. तिथे फायदा ड्रॅगपेक्षा तोलाचा असतो. मंद वळणात गाडीचं नाक वळायला आळस करतं, वेगवान वळणात मागची चाकं सुटू पाहतात. पुढची विंग वेगात थोडी नमली तर नाकावरचा जोर हलका होतो आणि दोन्ही दुखणी एकदम कमी होतात. स्पेनच्या शर्यतीपासून 100 किलोखाली तिचं वाकणं 15 वरून 10 मिलिमीटरवर आणलं. क्रमवारी उलटीपालटी होईल असं पुष्कळांना वाटत होतं. ती शर्यत पियास्त्रीने जिंकली, दुसरा आला त्याचाच सहकारी लँडो नॉरिस.

माझं मत सरळ आहे. मिलिमीटर आणि किलोत लिहिलेला नियमच सगळ्यांना सारखा लागू पडतो. हेतू मोजायचं यंत्र नाही. चाचणीत बसली ती विंग कायदेशीर, आणि चाचणी बदलायचीच असेल तर ती दोन मोसमांच्या मधे बदलावी. मोसम सुरू असताना नव्या विंग बांधायला लावणं म्हणजे महिन्यांची मेहनत फेकून देणं.

2026 च्या नियमांनी पुढच्या आणि मागच्या दोन्ही विंग उघडपणे हलवायची परवानगी दिली आहे. सरळ रस्त्यावर एक स्थिती, वळणात दुसरी, आणि ती बदलायला यंत्रणा. वाऱ्याकडून चोरून करून घ्यायचं काम आता गाडी स्वतः करते. विंगवर वजन ठेवून वाकणं मोजायची चाचणी मात्र तिथेही आहेच.