कार्यरचना व कार्यप्रेरणा

एखाद्या पदावरील व्यक्तीने कोणती कामे, कोणत्या क्रमाने, कितपत स्वतःच्या निर्णयाने व कोणाच्या सोबतीने करावयाची, याची विचारपूर्वक केलेली आखणी म्हणजे कार्यरचना. वेतनवाढ, बढती व बक्षिसे यांनी कामगाराचा उत्साह काही काळ वाढतो. मात्र कामाचा घाटच नीरस असेल, तर तो टिकत नाही.

अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर याने १९११ मध्ये मांडलेल्या शास्त्रीय व्यवस्थापनात कामाचे बारीक तुकडे पाडून विचार व्यवस्थापकाकडे आणि कृती कामगाराकडे सोपविली गेली. त्यातून उत्पादन वाढले, पण कामाचा कंटाळाही वाढला. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग याने १९५९ मध्ये दाखविले, की वेतन, देखरेख व कामाच्या ठिकाणच्या सोयी यांनी असमाधान टळते. प्रेरणा मात्र जबाबदारी, कर्तृत्व व कामाची दखल यांतून येते. पुढे हॅकमन व ओल्डहॅम या संशोधकांनी प्रेरणा देणाऱ्या कामाची कौशल्यांची विविधता, कामाची पूर्णता, त्याचे महत्त्व, स्वायत्तता आणि परिणामांची माहिती अशी पाच वैशिष्ट्ये निश्चित केली. भारतातील एक महत्त्वाचा प्रयोग अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये १९५३ मध्ये झाला. तेथे संशोधक ए. के. राइस यांच्या सूचनेवरून स्वयंचलित मागांवरील विखुरलेली कामे छोट्या गटांकडे एकत्रितपणे सोपविली गेली. परिणामी उत्पादन वाढले आणि सदोष कापडाचे प्रमाण घटले.

नवी मुंबईतील ठाणे-बेलापूर पट्ट्यात या विचाराची कसोटी पाहण्यासारखी आहे, कारण दिघा ते तुर्भे या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने, भागनिर्मितीची लहान युनिटे आणि महापे-ऐरोलीची माहिती तंत्रज्ञान संकुले शेजारीशेजारी आहेत. बाटल्या भरण्याच्या यंत्रावरील कामगाराला झाकणे लावण्याचे कामही दिले, तर कामाचा केवळ विस्तार होतो. नमुना तपासून सदोष माल आढळल्यास लाइन थांबविण्याचा अधिकार दिला, तरच काम समृद्ध होते. अनेक व्यवस्थापने पहिल्यालाच दुसरे समजतात, ही खेदाची बाब आहे. रात्रपाळीच्या ग्राहकसेवा केंद्रांत तर संभाषणाचे शब्द आणि वेळ दोन्ही ठरवून दिलेले असल्याने, सुशिक्षित तरुणांच्या वाट्यालाही टेलरच्या काळातीलच काम येते.

याउलट वाशीच्या घाऊक बाजारातील माथाडी काम अंगमेहनतीचे असले, तरी ते टोळीने होते, मजुरीचा हिशेबही टोळीचा असतो आणि मुकादम हा टोळीचाच माणूस असतो. १९६९ च्या माथाडी कायद्याने या कामाला माथाडी मंडळामार्फत मजुरीची व भविष्य निर्वाह निधीची हमी दिली. ओझ्याचा भार त्याने हलका होत नाही, पण कामाची वाटणी बऱ्याच अंशी टोळीच्या हाती राहते.

कंत्राटी कामगारांची स्थिती अधिक बिकट आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने, ठेकेदाराने कसूर केल्यास वेतन व सोयींची जबाबदारी मुख्य मालकावर टाकली. पण हर्झबर्गच्या भाषेत ही सारी असमाधान टाळणारी साधने होत. एकाच प्लांटमध्ये कायम कामगार लॉगबुक लिहितो, पाळी बदलताना पुढच्याला माहिती देतो, आणि कंत्राटी कामगार त्याच्याशेजारी वर्षानुवर्षे गोण्या रिकाम्या करूनही त्या मालाचे पुढे काय होते हे जाणत नाही. अशा ठिकाणी कार्यरचनेची सुरुवात पाळीच्या बैठकीत त्यालाही बसविण्यापासून, त्याला धोक्याची सूचना देण्याचा अधिकार देण्यापासून करता येते, आणि यासाठी वेगळा खर्च जवळपास लागत नाही.