ओडोमीटरला न दिसणारी झीज : एसयूव्हीचे लिफ्टर आणि वॉरंटी

दहिसरहून फोर्टला रोज एसयूव्हीने जाणाऱ्या माणसाचे इंजिन सकाळी दीड-दोन तास चालते आणि ओडोमीटरवर जेमतेम पस्तीस किलोमीटर चढतात. सरासरी वेग ताशी १५ किलोमीटर धरला, तर १०,००० किलोमीटर पूर्ण होईपर्यंत ते इंजिन सुमारे ६६७ तास चाललेले असते. ताशी ६० च्या सरासरीने महामार्गावर धावणारी गाडी तेवढेच अंतर १६७ तासांत कापते. वॉरंटी किलोमीटर आणि महिने मोजते, तर लिफ्टर या इंजिनातल्या छोट्या भागाची झीज इंजिनाच्या फेऱ्यांवर आणि ऑइलच्या अवस्थेवर ठरते. नव्या एसयूव्हींमध्ये लिफ्टर लवकर बिघडल्याच्या तक्रारी समजून घेताना, निदान मुंबईत तरी, ही तफावत आधी ध्यानात घ्यावी लागते.

गॅरेजात ज्याला सर्रास टॅपेट म्हणतात तो लिफ्टर कॅमशाफ्ट (कॅम, म्हणजे उंचवटे, असलेला फिरता दांडा) आणि व्हॉल्व्ह यांच्या मधला दुवा आहे. कॅमचा उंचवटा फिरत आला की लिफ्टर उचलला जातो आणि त्यामुळे व्हॉल्व्ह उघडतो. कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे सिग्नलला इंजिन ७५० आरपीएमवर नुसते सुरू असले तरी प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ३७५ वेळा आणि तासाला २२,५०० वेळा उघडतो. तापलेला धातू प्रसरण पावतो, म्हणून जुन्या पद्धतीच्या रचनेत या भागांमध्ये मुद्दाम थोडी फट ठेवावी लागे आणि ती ठरावीक काळाने जुळवूनही घ्यावी लागे. हायड्रॉलिक लिफ्टरने हा त्रास संपवला. कॅडिलॅकच्या व्ही-१६ इंजिनात १९३० मध्येच तो वापरात आला होता. त्याच्या पोटात एक बारीक दट्ट्या, स्प्रिंग आणि ऑइलला उलट जाऊ न देणारी छोटी गोळी असते. कॅमचा दाब आला की गोळी वाट बंद करते आणि आत अडकलेले ऑइल, तोंड बोटाने दाबून धरलेल्या सिरिंजमधल्या पाण्यासारखे, दबायला नकार देते. फट उरत नाही, म्हणून आवाजही उरत नाही.

म्हणजे हा भाग जितका धातूचा तितकाच ऑइलचा आहे. रात्रभर उभ्या गाडीच्या लिफ्टरमधून ऑइल थोडे झिरपते, त्यामुळे सकाळी पहिले काही सेकंद टिकटिक ऐकू येणे हा दोष नव्हे. इंजिन तापल्यावरही आवाज टिकला तर मात्र कारण शोधावे. ऑइल कमी असेल तर पंप हवा ओढतो, आणि प्रमाणापेक्षा जास्त भरले असेल तर क्रँकशाफ्ट ते घुसळून त्यात बुडबुडे करतो. बुडबुडे दबतात, त्यामुळे लिफ्टर मऊ पडतो. अंधेरीहून वांद्र्यापर्यंतच्या छोट्या, थांबत-थांबत होणाऱ्या फेऱ्यांत ऑइलमध्ये उतरलेले इंधन आणि पाण्याचा अंश पुरेसा उडून जात नाही. आयडलिंगला पंप सावकाश फिरतो, म्हणून ऑइलचा दाबही कमी असतो. लिफ्टरच्या टोकाला रोलर असेल तर त्याच्या आतल्या सुईसारख्या बारीक बेअरिंगांना वंगण अपुरे पडून रोलर अडकू शकतो. मग तो कॅमवर गरगर न फिरता घासतो आणि कॅमचा उंचवटाच खाऊन टाकतो.

गेल्या वीस वर्षांत या साध्या भागावर आणखी एक काम लादले गेले. हलका भार असताना काही सिलिंडर बंद ठेवून इंधन वाचवायचे, ही कल्पना कॅडिलॅकने १९८१ मध्ये आजमावली आणि ती फसली. २००५ च्या सुमारास जनरल मोटर्सने आपल्या व्ही-८ इंजिनांत ती ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या लिफ्टरांनी पुन्हा आणली. अशा लिफ्टरमध्ये बारीक खिट्ट्या असतात. सोलेनॉइडने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपेने, लिफ्टरकडे ऑइलचा दाब पाठवला की खिट्ट्या आत सरकतात, लिफ्टर स्वतःत दुमडतो आणि व्हॉल्व्ह बंदच राहतो. पहिल्या रचनेत सोळापैकी आठ लिफ्टर असे होते. २०१९ च्या मॉडेलांपासून आलेल्या रचनेत सोळाही लिफ्टर तसे झाले आणि सिलिंडर चालू-बंद करण्याचे १७ प्रकार शक्य झाले. खिट्टी वेळेवर परत बसली नाही तर तो सिलिंडर बंदच राहतो, कधी लिफ्टरची हालचाल व्हॉल्व्हकडे पोहोचवणारा दांडा, म्हणजे पुशरॉड, वाकतो, आणि दुरुस्तीसाठी सिलिंडर हेड उतरवावे लागते. सुटा लिफ्टर फारसा महाग नसतो. बिल फुगते ते मजुरीने.

या सगळ्यातून किती इंधन वाचते? २०२१ मध्ये चिपांच्या टंचाईमुळे जनरल मोटर्सने काही पिकअप या यंत्रणेशिवाय विकले, तेव्हा त्यांचे मायलेज गॅलनला साधारण एका मैलाने, म्हणजे लिटरला जेमतेम ०.४ किलोमीटरने घटल्याचे सांगण्यात आले. माझ्या मते हा सौदा कंपनीच्या सरासरी मायलेजच्या कागदावर जितका शोभतो, तितका वॉरंटी संपलेल्या मालकाच्या खिशाला परवडत नाही.

ही व्ही-८ इंजिने मुंबईच्या रस्त्यांवर अपवादानेच दिसतात. सिलिंडर बंद करणारे आपल्याकडचे ओळखीचे इंजिन म्हणजे २०२१ पासून कुशाक आणि टायगुनमध्ये आलेले १.५ टीएसआय. त्यात लिफ्टर दुमडत नाही; कॅमशाफ्टवरचा कॅमचा तुकडाच विजेच्या यंत्रणेने बाजूला सरकतो, त्यामुळे खिट्टी अडकण्याचा हा विशिष्ट बिघाड तिथे संभवत नाही.

प्रत्येक टिकटिक लिफ्टरचीच असते असेही नाही. थेट इंधन फवारणाऱ्या इंजिनात इंजेक्टर आणि उच्च दाबाचा पंपही टकटक करतात, आणि ते पूर्ण निरोगी असतात. लिफ्टरचा आवाज हलका व धातूचा असतो, तर बेअरिंगचा ठोका जड आणि खोल असतो. एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्सने ६.२ लिटर व्ही-८ च्या सुमारे ७ लाख २१ हजार गाड्या परत बोलावल्या, त्या क्रँकशाफ्ट आणि त्याच्या बेअरिंगांच्या दोषामुळे. लिफ्टरच्या तक्रारींशी त्यांची गल्लत करू नये. लिफ्टर खरोखर बिघडला असेल तर त्या सिलिंडरची मिसफायर (इंधन नीट न पेटल्याची) नोंद स्कॅनरवर दिसते. पहिल्या सिलिंडरसाठी पी०३०१, दुसऱ्यासाठी पी०३०२, याप्रमाणे. अशा स्थितीत गाडी रेटत राहिल्यास न जळलेले इंधन धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तोही तापवून निकामी करते.

वॉरंटीचा वाद बहुधा एकाच वाक्यावर अडतो : ऑइल वेळेवर बदलले नाही. हे कारण कधी खरेही असते, पण ते तपासता येते. ऑइल साकळून गाळ झाला असेल, तर तो सर्वसाधारणपणे ऑइलच्या झाकणाच्या आत आणि कॅमच्या आसपास सगळीकडे दिसायला हवा. बाकी इंजिन स्वच्छ आणि एकच लिफ्टर गेलेला असेल, तर बोट सुट्या भागाकडे जाते. म्हणून इंजिन उघडताना फोटो काढायला सांगणे, काढलेले लिफ्टर ताब्यात मागणे आणि ऑइलची श्रेणी लिहिलेली प्रत्येक पावती जपणे यांना पुराव्याचे मोल आहे. काही गाड्यांच्या संगणकात इंजिन एकूण किती तास चालले याचीही नोंद असते. ती जॉबकार्डवर उतरवून घ्यावी. आवाजाची पहिली तक्रार तर वॉरंटीच्या मुदतीतच लेखी नोंदलेली असावी. सर्व्हिस अॅडव्हायझरच्या ‘नॉर्मल आहे साहेब’ला पुढे काही किंमत उरत नाही. एक्स्टेंडेड वॉरंटी घेताना लिफ्टरमुळे खराब झालेला कॅमशाफ्ट त्यात धरला आहे का, हेही वाचून घ्यावे.

तरीही नकार मिळाला तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मालकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण तिथेच चालते आणि कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची असते. तपासणीवाचून दोष ठरत नसेल तर आयोग तो भाग योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, आणि लिफ्टरच्या बाबतीत ही तरतूद विशेष उपयोगी आहे, कारण रोलर आधी अडकला की कॅम आधी झिजला, हे धातूवरच्या खुणांवरून जाणकाराला बरेचसे वाचता येते. तोवर तो जुना लिफ्टर भंगारात गेलेला नसावा.