मनात नापसंती, बाहेर पाठिंबा: दुटप्पीपणाच्या आरोपाची पार्श्वभूमी

'तुला स्वतःला ते पटत नाही ना? मग बंदीला विरोध कशाला करतोस?' विषय डान्सबारचा असो, लग्नाशिवाय एकत्र राहण्याचा असो की गोमांसाचा, मुंबईत हा सवाल कुणी ना कुणी टाकतोच, आणि पाठोपाठ दुटप्पीपणाचा शिक्का बसतो. हा शिक्का आपल्याकडे इतका हाताशी का असतो, हे कळायला एकोणिसाव्या शतकातल्या भांडणांकडे जावं लागतं. गंमत म्हणजे ती भांडणं वेगळ्याच दोषावरून झाली होती.

१८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. सभासद होताना जातिभेद मानणार नाही अशी शपथ घ्यायची आणि ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा. सकाळी नाक्यावरच्या बेकरीतून लादी आणणाऱ्याला यात कसलं आलंय धाडस असं वाटेल, पण तेव्हा एवढ्यावरून माणूस वाळीत पडायचा. म्हणून सगळा कारभार गुप्त. बैठकीत पाव, घरी सोवळं. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटली आणि सभा पांगली. पुढे १८६७ मध्ये याच वर्तुळातल्या काहींनी प्रार्थना समाज काढला, तेव्हा जात मोडण्याची सक्ती ठेवली नाही.

विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या न्यायमूर्ती रानड्यांची पहिली पत्नी १८७३ मध्ये वारली. वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. ती मुलगी म्हणजे पुढच्या रमाबाई रानडे. टीकाकारांनी हे कधी विसरू दिलं नाही. 'बोलके सुधारक' हा टोमणा अशा प्रसंगांवर पोसला. 'बोले तैसा चाले' ही आपली जुनी कसोटी, आणि तिच्यावर ही मंडळी नापास झाली. तो निकाल चुकीचा नव्हता. फक्त तिथे बोलणं आणि स्वतःचं वागणं यांची गाठ घालून पाहिली होती. दुसऱ्याच्या वागण्याबद्दल मला काय वाटतं आणि त्याला मोकळीक असावी की नाही, हा प्रश्न त्यात नव्हताच.

तो प्रश्न खऱ्या अर्थाने समोर आला संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी. पारशी पत्रकार आणि सुधारक बेहरामजी मलबारींनी १८८४ मध्ये मुंबईतून बालविवाहाविरुद्ध मोहीम उघडली. १८९१ च्या कायद्याने मुलीचं शरीरसंबंधाला संमती देण्याचं वय दहावरून बारावर नेलं, लग्न झालेलं असलं तरी. टिळकांनी कायद्याला कडाडून विरोध केला, पण त्यांनीच १८९० मध्ये सुधारकांपुढे प्रस्ताव ठेवला होता की मुलीचं लग्न सोळाच्या आत करणार नाही, असं आपण स्वतःवर बंधन घालून घेऊ. म्हणजे चाल चुकीची आहे हे मान्य, सरकारची सक्ती मात्र नको. आगरकर इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल वाचून तयार झालेले. मिलने १८५९ मध्ये लिहून ठेवलं होतं की एखाद्याचं वागणं आवडलं नाही तर त्याची संगत टाळा, मित्रांना सावधही करा, पण ज्यात नुकसान फक्त त्याचंच आहे त्याबद्दल त्याला शिक्षा करायला जाऊ नका. तरी आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले, आणि माझ्या मते त्यांचंच बरोबर होतं. दहा वर्षांच्या मुलीने काही निवडलेलंच नव्हतं. टिळकांना ढोंगी म्हणणं अन्याय होईल. चूक होती ती कुणाचं स्वातंत्र्य राखतोय हे न विचारण्यात.

दारूबंदीत मात्र ढोंगाला सरकारी छाप मिळाला. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. त्याखालच्या परवान्यावर माणूस दारू पितो ती 'आरोग्य टिकवण्यासाठी'! हा परवाना आजही कागदोपत्री लागतो. किती जणांच्या खिशात असतो, ते कुठल्याही परमिट रूममध्ये बसून पाहावं.

२००५ मध्ये राज्य सरकारने मुंबई पोलीस कायद्यात दोन कलमं घातली. ३३-अ ने डान्सबार बंद केले. लगेच पुढच्या ३३-ब ने तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट दिली. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल कायम ठेवला. श्रीमंताने नाच पाहिला तर करमणूक आणि गरिबाने पाहिला तर अधःपतन, ही समजूत न्यायालयाने मान्य केली नाही. त्या काळात 'मला बार अजिबात आवडत नाहीत, पण बायकांचा रोजगार कशाला काढून घेता' असं म्हणणाऱ्यांवर दुटप्पीपणाचा आरोप झाला. खरा दुटप्पीपणा दोन लागोपाठच्या कलमांत छापील पडला होता, तिकडे नाक मुरडायला फार कमी लोक गेले.

आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत संवैधानिक नीतिमत्तेचा, म्हणजे संविधानाची मूल्यं मनापासून पाळण्याचा, मुद्दा मांडला, ती आपोआप येत नाही, जोपासावी लागते, असं सांगितलं. २०१८ मध्ये भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध वगळताना सर्वोच्च न्यायालयाने तीच संकल्पना वापरली. त्या निकालाने कुणाच्या आवडीनिवडीला हात लावला नाही. कुणाला मनातून पटलं नसेल तर ते त्याच्याजवळ.

अडचण येते ती हे मत मनात राहत नाही तेव्हा. दादर-पार्ल्यात घर शोधणाऱ्या एकट्या मुलीला किंवा मांसाहारी कुटुंबाला 'आमची काही हरकत नाही हो, पण सोसायटीला चालणार नाही' हे उत्तर पाठ असतं. सांगणारे काका स्वातंत्र्याच्या बाजूचेच असतात. मिलने संगत टाळायची मुभा दिली होती, पण घरमालक, सेक्रेटरी आणि एजंट तिघांनी मिळून संगत टाळली की त्या मुलीला विरारच्या गाडीत बसावं लागतं.