रजोनिवृत्तिकालीन निद्राविकार

रजोनिवृत्तीच्या आधीची काही वर्षे आणि तिच्यानंतरचा काळ यांत झोप उशिरा लागणे, मध्यरात्री वा पहाटे जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे, पुरेसे तास झोपूनही थकवा न जाणे अशा ज्या तक्रारी उद्भवतात, त्यांचा या संज्ञेत समावेश होतो. सलग बारा महिने पाळी न आल्यास रजोनिवृत्ती झाली असे समजतात. भारतीय स्त्रियांत ती सरासरीने ४६-४७ व्या वर्षी, म्हणजे पाश्चात्त्य देशांतील सरासरीपेक्षा (सुमारे ५१) काही वर्षे आधी येते, असे बहुतेक पाहण्यांत दिसते. या काळात ४० ते ६० टक्के स्त्रिया झोपेची तक्रार नोंदवितात. मात्र निद्रानाशाचे निदान करण्यासाठी आठवड्यातून किमान तीन रात्री व किमान तीन महिने त्रास असावा लागतो आणि दिवसाच्या व्यवहारावर त्याचा परिणाम दिसावा लागतो. त्यामुळे प्रत्यक्ष रुग्णांची संख्या तक्रार करणाऱ्यांहून बरीच कमी भरते.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आर्तवाचा (मासिक पाळीचा) काळ बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत सांगितला आहे. तिचा रचनाकाळ इ. स. पू. काही शतकांपासून इ. स. च्या चौथ्या-पाचव्या शतकापर्यंत निरनिराळा मानला जातो; सध्याची संहिता एका काळातील नसून तिच्यावर संस्कार होत गेले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तेथे आर्तवक्षय हा वार्धक्याचा स्वाभाविक भाग आहे. चरकसंहितेत निद्रानाशावर अभ्यंग, स्नान, दूध, तूप व मनाची प्रसन्नता हे उपाय येतात, पण त्यांचा रजोनिवृत्तीशी संबंध जोडलेला नाही. पुण्यातील आयुर्वेदीय चिकित्सालयांत आज या वयातील स्त्रियांना दिली जाणारी शिरोधारा (कपाळावर तेलाची संथ धार धरणे) ही या दोन स्वतंत्र प्रकरणांच्या अलीकडच्या सांधणीतून आलेली दिसते.

अंगातून गरम वाफा येऊन घाम फुटणे आणि झोपमोड यांचा नेमका संबंध काय, हा या विषयातील सर्वाधिक वादाचा प्रश्न आहे. मेंदूतील अधोथॅलॅमसमध्ये शरीराचे तापमान राखणारी केंद्रे असतात. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटल्यावर तेथील न्यूरोकायनिन-बी हे संदेशवाहक द्रव्य स्रवणाऱ्या चेतापेशी अतिक्रियाशील होतात, शरीर ज्या मर्यादेत तापमानातील चढउतार सहन करते ती मर्यादा अरुंद होते आणि किंचित उष्णता वाढताच त्वचेच्या रक्तवाहिन्या विस्फारून घाम येतो. वाफ येते म्हणून जाग येते, हा रुग्णांचा व बहुतेक वैद्यांचा समज. अमेरिकेतील संशोधक रॉबर्ट फ्रीडमन आणि टिमोथी रोह्र्स यांनी २००४ मध्ये प्रयोगशाळेतील नोंदींवरून त्यावर शंका घेतली. त्यांच्याच २००६ मधील अभ्यासात रात्रीच्या पूर्वार्धात वाफ बहुधा जाग येण्यापूर्वी, तर उत्तरार्धात जाग आल्यानंतर येत असल्याचे आढळले. रात्रीच्या अखेरीस नेत्रचलन-निद्रेचे (डोळे झपाट्याने हलतात त्या, बहुतेक स्वप्ने पडणाऱ्या झोपेचे) प्रमाण वाढते व त्या अवस्थेत तापमान-नियमन मंदावल्याने वाफा दबतात, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. खोलीचे तापमान १८ अंश सेल्सिअस ठेवल्यास पूर्वार्धातील वाफा कमी झाल्या. पुढे हॅडीन जॉफ व सहकाऱ्यांनी (२०१३) तरुण, निरोगी स्त्रियांना लुप्रोलाइड हे औषध देऊन अंडाशयाचे कार्य तात्पुरते थांबविले, तेव्हा वाफा आलेल्या स्त्रियांची झोप तुटक झाली. या प्रयोगात वयाचा प्रभाव वगळला गेल्याने वाफांचा स्वतंत्र वाटा मान्य करणे भाग आहे. पहाटेची जाग मात्र केवळ त्यांच्या माथी मारता येत नाही.

इतर कारणांत झोपेतील श्वासरोध महत्त्वाचा आहे. प्रोजेस्टेरॉन हे दुसरे स्त्री-संप्रेरक श्वसनाला चालना देते. ते कमी झाल्यावर आणि वजन वाढल्यावर हा विकार बळावतो. घोरणे हे पुरुषांचेच लक्षण अशी समजूत असल्याने स्त्रियांत तो उशिरा ओळखला जातो. पायांची चुळबुळ थांबत नसेल, तर रक्तातील फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखविणारे प्रथिन) तपासतात. पाळी बंद होण्यापूर्वी अतिरक्तस्राव झालेल्या स्त्रियांत लोह कमी असणे संभवते.

उपचारांत निद्रानाशासाठीची वर्तनचिकित्सा, जी दवाखान्यांत सीबीटी-आय या नावानेच ओळखली जाते, प्रथम देण्याची शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये केली. उठण्याची वेळ ठरलेली ठेवणे, अंथरुणातील वेळ प्रत्यक्ष झोपेइतका आखडणे आणि झोप येत नसेल तर अंथरूण सोडणे हे तिचे मुख्य घटक होत. पुण्याच्या पेठांतील दोन खोल्यांच्या घरांत शेवटचा नियम अवघड जातो. अशा वेळी स्वयंपाकघरात मंद दिव्याजवळ खुर्ची टाकून बसले तरी हेतू साधतो. वाफांचा त्रास मोठा असल्यास संप्रेरक चिकित्सा (घटलेले इस्ट्रोजेन औषधरूपाने देणे) सर्वांत परिणामकारक ठरते. २००२ मध्ये विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या अमेरिकी चाचणीचे, या चिकित्सेचे धोके दाखविणारे निष्कर्ष आल्यावर तिचा वापर एकदम घटला, पण साठीच्या आतील व रजोनिवृत्तीला दहा वर्षे न झालेल्या योग्य रुग्णांत लाभाचे पारडे जड असते, असे आता बहुसंख्य तज्ज्ञ मानतात. स्तनकर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या यांचा पूर्वेतिहास असल्यास ती टाळतात. न्यूरोकायनिन-बीचा परिणाम रोखणाऱ्या फेझोलिनेटंट या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ते घेताना यकृताची तपासणी करावी लागते. अल्प्राझोलामसारख्या शामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास सवय लागते.

पुण्यात एप्रिल-मेमध्ये रात्रीचे किमान तापमानही साधारणपणे २० अंशांच्या वर राहते आणि वरच्या मजल्यावरील स्लॅब दिवसभराची उष्णता रात्री सोडत असतो, त्यामुळे वरील १८ अंशांचा निष्कर्ष वातानुकूलन नसलेल्या घरांत उन्हाळ्यात लागू करता येत नाही. सुती, सैल कपडे, पंखा आणि सहज काढता येईल असे पांघरूण यांवरच भागवावे लागते. रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्था १९७५ पासून शहरात आहे. तेथील योगशिक्षिका गीता अय्यंगार यांनी स्त्रियांसाठी मांडलेल्या अभ्यासक्रमात शरीराला आधार देऊन करावयाची सेतुबंध सर्वांगासन, विपरीत करणी यांसारखी आसने येतात. योगाने वाफांची संख्या घटल्याचे एका मोठ्या अमेरिकी चाचणीत (२०१४) दिसले नाही, निद्रानाशाच्या तक्रारी मात्र काहीशा कमी झाल्या.

घरगुती उपायांत काशाच्या वाटीने तळपायांना तूप चोळणे रूढ आहे. तळपायांतील रक्तवाहिन्या विस्फारल्या की शरीराची आतली उष्णता बाहेर पडून झोप लवकर लागते, एवढे शरीरक्रियाविज्ञानाला मान्य आहे. वाटीच्या धातूला वेगळे श्रेय देण्याचे कारण दिसत नाही. दुधात उगाळलेले जायफळ अल्प प्रमाणातच घ्यावे, कारण अधिक मात्रेत ते विषारी ठरते. कॅफीनचे अर्धायुष्य (शरीरातील त्याचे प्रमाण निम्मे होण्याचा काळ) सुमारे पाच तासांचे असल्याने संध्याकाळचा चहा दुपारी चारपूर्वी उरकणे यांहून अधिक उपयोगी पडते.