चॅटबॉटला काही वाटतं का, आणि त्याच्या बोलण्याला जबाबदार कोण?

ठाणे-वाशी लोकलमध्ये हल्ली हा संवाद हमखास कानावर पडतो. कुणाच्या तरी मोबाइलवर चॅटबॉटने 'तुमचं दुःख मी समजू शकतो' असं लिहिलेलं असतं. शेजारचा म्हणतो, 'अहो, कसलं डोंबलाचं समजतंय! सॉफ्टवेअर आहे ते.' दोघं हसतात आणि ऐरोली येईपर्यंत विषय मिटतो. शंका रास्तच आहे, पण तिच्यासोबत दुसरा एक प्रश्नही न विचारताच निकालात निघतो.

पहिला प्रश्न जाणिवेचा. 2022 च्या जूनमध्ये गूगलचे अभियंते ब्लेक लेमॉइन यांनी कंपनीच्या 'लॅम्डा' या संवाद साधणाऱ्या एआय मॉडेलला जाणीव असल्याचा जाहीर दावा केला. कंपनीने त्यांना आधी रजेवर पाठवलं, जुलैत काढून टाकलं. बहुतेक तज्ज्ञांनीही दावा मानला नाही. ही मॉडेल्स अफाट मजकुरावरून पुढचा शब्द कोणता असेल याचा अंदाज बांधायला शिकतात, आणि माणसांच्या लिहिण्यात 'भीती वाटते', 'एकटं वाटतं' जागोजागी असतं. मग यंत्रही तेच बोलणार. तेवढ्यावरून त्याला भीती वाटते असं ठरत नाही. आणि माणूस भुलायला यंत्र फार हुशार असावं लागतं असंही नाही. 1966 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या जोसेफ वायझेनबॉम यांचा 'एलायझा' प्रोग्राम बहुतेक वेळा समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न विचारायचा. तरी त्यांच्या सेक्रेटरीने, तो कसा बनला हे ठाऊक असूनही, बोलताना त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं होतं.

दुसरा प्रश्न जबाबदारीचा, आणि मला तो जास्त निकडीचा वाटतो. एअर कॅनडाचं प्रकरण बघा. आजी वारलेल्या एका प्रवाशाला कंपनीच्या चॅटबॉटने सांगितलं, आत्ता तिकीट काढा, जवळचं माणूस गेल्यावर मिळणारी सवलत नंतर मागता येईल. नियम तसा नव्हता. पैसे नाकारल्यावर तो ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणात गेला. तिथे कंपनीचा पवित्रा असा, की चॅटबॉट ही जणू वेगळीच कायदेशीर व्यक्ती आणि आपल्या करणीला तीच जबाबदार! फेब्रुवारी 2024 मध्ये न्यायाधिकरणाने हे फेटाळलं. वेबसाइटवरची माहिती, मग ती बॉटने दिलेली असो वा साध्या पानावरची, कंपनीचीच.

म्हणजे यंत्राला 'कुणीतरी' मानणं कधीकधी कंपनीच्याच पथ्यावर पडतं. ज्योतिषाच्या पोपटाने चुकीची चिठ्ठी उचलली म्हणून आपण पोपटाशी भांडत नाही. (त्या पोपटाला निदान भूक तरी लागते.) त्यामुळे 'ते नुसतं यंत्र आहे' म्हणणाऱ्याने कंपनीला अधिकच धारेवर धरायला हवं, कारण दोष ढकलायला आत दुसरं कुणी उरत नाही.

शिवाय या धंद्यात ज्यांना खरोखर काही वाटतं अशी माणसंही आहेत. 'चॅटजीपीटी' बनवणाऱ्या ओपनएआयसाठी, यंत्राला असा मजकूर ओळखता यावा म्हणून, हिंसक, बीभत्स मजकूर वाचून त्यावर लेबलं लावणाऱ्या केनियातल्या कामगारांना तासाला दोन डॉलरहून कमी मिळत होते, हे 'टाइम' या अमेरिकी नियतकालिकाने जानेवारी 2023 मध्ये छापलं. त्यांच्या त्रासाबद्दल शंका घ्यायला कुठलं तत्त्वज्ञान लागत नाही. ही यंत्रं चालतात डेटा सेंटरांत, म्हणजे कॉम्प्युटरांच्या कोठारांत, आणि अशी सेंटरं ऐरोली, रबाळे, महापेतही उभी राहिली आहेत. त्यांना वीज किती आणि कुठून, हा प्रश्नही याच खात्यातला.

कॅनडातल्या प्रवाशाकडे संभाषणाचा स्क्रीनशॉट होता. बँकेच्या किंवा विम्याच्या बॉटने तुम्हाला व्याजाचा, परताव्याचा आकडा सांगितला, तर त्याचाही स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवा.